टाको ट्रकच्या खिडकीपाशी: काय मागवायचं, कसं मागवायचं

कॅलिफोर्नियात नवीन आलेल्या मराठी माणसाची टाकोशी पहिली ओळख बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी होते. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नाहीतर हायवेलगतच्या एखाद्या साखळी दुकानात कडक पिवळं कवच, त्यात खिमा, वर किसलेलं चीज आणि सॅलडची पानं असं काहीतरी समोर येतं, आणि ‘बरं होतं’ म्हणून विषय तिथेच मिटतो. इकडे रोज संध्याकाळी टायरच्या दुकानासमोर एक पांढरा ट्रक लागतो, जनरेटर घुरघुरत असतो, आठ-दहा जण उभ्यानेच जेवत असतात, आणि आपण गाडी न थांबवता पुढे निघून जातो. कारण बोर्ड सगळा स्पॅनिशमध्ये, आणि त्यातलं गाईचं काय, डुकराचं काय, आपल्या पोटाला चालणारं काय, याचा पत्ता नसतो.

सॅन होजे आणि ओकलंडच्या बाजूचे ट्रक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितेय. लॉस एंजेलिसला गेलात तरी फारसं बदलत नाही.

आधी ट्रक पारखा

ट्रकला चाकं असली तरी तो बहुधा रोज त्याच जागी, त्याच वेळेला उभा राहतो. गिऱ्हाईक ठरलेलं असतं, गल्लीही त्याला आपला मानते. २००८ साली लॉस एंजेलिस काउंटीने ट्रकांना दर तासाला जागा बदलायला लावणारा नियम आणला, तेव्हा ‘कार्ने असादा’, म्हणजे भाजलेलं बीफ, ‘हा गुन्हा नाही’ अशी घोषणा देत खवय्येच ट्रकवाल्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि तो नियम कोर्टात टिकला नाही. या धंद्याची सुरुवातही लॉस एंजेलिसचीच सांगतात. १९७४ साली राउल मार्टिनेझ नावाच्या माणसाने आईस्क्रीमची जुनी गाडी घेऊन तिच्यात टाको बनवायला सुरुवात केली आणि ती ईस्ट एलएमधल्या एका बारसमोर उभी केली. पुढे त्याचीच ‘किंग टाको’ ही दुकानांची साखळी झाली. बारसमोर, रात्री, उभ्याने, हातात धरून खायचं हे खाणं आहे. दुपारी बाराला जाऊन ट्रक बंद दिसला तर दुसऱ्या दिवशी रात्री आठला जा.

ट्रकच्या अंगावर काय रंगवलंय ते वाचा. नावात पुष्कळदा मालकाच्या मेक्सिकोतल्या मुलखाचं नाव असतं. सिनालोआ असेल तर कोळशावर भाजलेलं बीफ किंवा समुद्राचं खाणं, हालिस्को असेल तर बिर्रिया (रश्श्यात शिजवलेलं मांस), मिचोआकान असेल तर कार्नितास (चरबीत शिजवलेलं डुकराचं मांस), तिहुआना असेल तर असादा आणि बीफची बिर्रिया. ‘मारिस्कोस’ लिहिलं असेल तर तो मासे-कोळंबीचा ट्रक. तिथे जाऊन चिकन बुरिटो मागू नका. मिसळीच्या दुकानात डोसा मागवला तर तो मिळेलही, पण दुकानदाराचा जीव त्यात नसतो. तोच प्रकार.

बोर्डावर साठ पदार्थ, प्रत्येकाचा उन्हात फिकट झालेला फोटो आणि गिऱ्हाईक एकही नाही, अशा ट्रकवर पहिला प्रयोग करू नये. सहा-सात मांसांची नावं, रांग, आणि लाकडी ठोकळ्यावर सुरा आपटल्याचा सतत आवाज, असा ट्रक धरा. ‘एचास आ मानो’ असं लिहिलेलं दिसलं तर टॉर्टिया, म्हणजे टाकोची पातळ, मऊ पोळी, तिथेच हाताने थापतात. तिथे डॉलरभर जास्त पडला तरी द्यावा. लॉस एंजेलिस काउंटीत ट्रकवर आरोग्य खात्याचा ए, बी, सी असा दर्जाही चिकटवलेला असतो, तो बघून घ्या.

बोर्ड वाचायचा कसा

बोर्डावर खरं तर दोनच याद्या असतात. एक मांसांची आणि एक रूपांची. रूपं म्हणजे टाको, बुरिटो (गव्हाच्या टॉर्टियाची भरलेली गुंडाळी), केसाडिया (चीज घालून दुमडलेली टॉर्टिया), तोर्ता, सोपे, मुलिता. यादीतलं कुठलंही मांस बहुतेक कुठल्याही रूपात मिळतं, म्हणून बोर्ड उगाच मोठा दिसतो. नवखा माणूस रूपापासून सुरुवात करतो: “बुरिटो खाऊ या.” उलट करा. आधी मांस ठरवा, मग रूप. आणि पहिल्या खेपेला रूपाचा विचारच नको, टाकोच घ्या. टाकोत मांस आणि टॉर्टिया यांच्याशिवाय लपायला जागा नसते, त्यामुळे ट्रक कसा आहे ते दोन घासांत कळतं.

मांस कुठलं

पहिला मान अल पास्तोरचा. ट्रकच्या एका टोकाला उभी सळई फिरताना दिसली, तिच्यावर मसाला लावलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप रचून केलेला लालभडक शंकू आणि डोक्यावर अननस, की समजा तुम्ही योग्य जागी आलात. या शंकूला ट्रॉम्पो म्हणतात. लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांनी आपला शावर्मा बरोबर आणला. पुएब्ला शहरात त्याचे ‘अरबी टाको’ झाले, पुढे डुकराचं मांस आलं, वाळक्या मिरच्या आणि शेंदरीच्या बियांचा मसाला आला, आणि पास्तोर तयार झाला. कारागिराचा हात बघण्यासारखा असतो. डाव्या हातात टॉर्टिया धरून तो शंकूच्या खाली नेतो, उजव्या हातातल्या लांब सुऱ्याने भाजलेला बाहेरचा पापुद्रा कापतो, तो बरोबर टॉर्टियात पडतो, आणि शेवटी मनगटाच्या झटक्यासरशी वरून अननसाची चकती उडून त्याच टॉर्टियात येते. ट्रॉम्पो पुष्कळ ट्रकांवर फक्त शुक्रवार ते रविवार लागतो. तो नसेल तर तेच मांस तव्यावर परतून देतात. वाईट नसतं, पण कडेचा करपलेला कुरकुरीतपणा त्यात येत नाही. सळई फिरत नसेल त्या दिवशी मी दुसरं काहीतरी घेते.

कार्ने असादा म्हणजे भाजून बारीक चिरलेलं बीफ. कोळशाचा धूर दिसत असेल तर जरूर घ्या. नुसत्या तव्यावरचं असेल तर मधलंच लागतं. कार्नितास म्हणजे डुकराचं मांस डुकराच्याच चरबीत तासन्‌तास मंद शिजवलेलं. मऊ, तुपट, कुठेकुठे कडक. शनिवार-रविवारी सकाळी ते ताजं मिळतं.

बिर्रिया सध्या सगळीकडे आहे. मूळ हालिस्कोतली बिर्रिया बोकडाची, पण इथल्या ट्रकांवर ती बहुधा बीफची असते. मांस ज्या रश्श्यात शिजतं त्याच्यावरच्या लाल तवंगात टॉर्टिया बुडवून तव्यावर टाकतात, चीज आणि मांस घालून दुमडतात. ही केसाबिर्रिया. सोबत पेल्यात तो रस्सा येतो, त्याला कोन्सोमे म्हणतात. त्यात लिंबू पिळायचं, कांदा-कोथिंबीर टाकायची आणि बुडवून खायचं. हातावर लाल ओघळ येणार, पांढरा शर्ट घालून जाऊ नका.

जे लोक गावाकडे मुंडी आणि वजडीवर वाढलेत त्यांच्यासाठी हा बोर्ड म्हणजे खजिना आहे. लेंग्वा म्हणजे जीभ. नावाने दचकायला होतं, पण इतकं लुसलुशीत मांस या बोर्डावर दुसरं नाही. काबेसा म्हणजे डोक्याचं मांस, काचेते म्हणजे गालाचं. त्रिपास म्हणजे आतडी, ती मागताना “बिएन दोरादास” म्हणा, म्हणजे खरपूस करून देतील. तसं नाही सांगितलं तर चिवट येण्याची भीती. बुचे म्हणजे डुकराची जठरपिशवी. सुआदेरो हे बीफच्या पोट आणि मांडीच्या मधल्या भागाचं गुळगुळीत मांस. ते दिसलं तर मेक्सिको सिटीच्या पद्धतीचा ट्रक आहे असं धरून चालायला हरकत नाही.

पोयो म्हणजे चिकन. बिचकणारा माणूस हमखास तेच घेतो, आणि बहुतेक ट्रकांवर तेच सगळ्यात निरस असतं, कारण ट्रकवाल्याचंही त्याच्याकडे लक्ष नसतं. अपवाद कोळशावर भाजलेल्या चिकनचा. तिंगा मिळाली, म्हणजे चिपोत्ले मिरची आणि टोमॅटोत शिजवून उसवलेलं चिकन, तर तीही चांगली.

आता बीफ न खाणाऱ्यांसाठी, कारण आपल्याकडचा खरा प्रश्न हा असतो. असादा, सुआदेरो, लेंग्वा, काबेसा, काचेते, त्रिपास ही सगळी सहसा बीफ. बिर्रिया आणि बार्बाकोआ (मंद शिजवून उसवलेलं मांस) इथे बहुधा बीफ, पण बोकडाची किंवा मेंढीची असू शकते, म्हणून विचारा. पास्तोर, कार्नितास, बुचे, चिचारोन (डुकराची कातडी) हे डुकराचं. चोरिसो म्हणजे मसालेदार सॉसेज, तेही सहसा डुकराचंच. बोर्डावर नुसतं ‘कार्ने’ लिहिलं असेल तर बीफ समजा. रेस म्हणजे बीफ, पुएर्को म्हणजे डुक्कर, चिवो म्हणजे बोकड, बोर्रेगो म्हणजे मेंढी. “एस रेस?” एवढं विचारलं तरी मान हलवून उत्तर मिळतं.

कोकणी-मालवणी मंडळींनी सरळ मारिस्कोसचा ट्रक शोधावा. मेक्सिकोतल्या बाहा किनाऱ्याच्या पद्धतीचा पेस्कादो टाको म्हणजे पिठात घोळवून तळलेला मासा, वर चिरलेला कोबी आणि पांढरं क्रेमा, म्हणजे आंबटसर मलई. सिनालोआच्या माझात्लानमधला गोबेर्नादोर म्हणजे कोळंबी आणि चीज. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्समध्ये ‘मारिस्कोस हालिस्को’ नावाचा ट्रक आहे. तिथला कोळंबी भरून तळलेला, वर गार साल्सा घातलेला टाको खायला लोक लांबून येतात. आग्वाचिले मात्र विचार करून घ्या. त्यातली कोळंबी कच्ची असते, लिंबाच्या रसात आणि हिरव्या मिरचीत मुरवलेली.

शाकाहारी असाल तर

खोटं कशाला सांगू, टाको ट्रक ही शाकाहारी माणसाची जागा नाही. पण उपाशी परतावं लागत नाही, फक्त चार गोष्टी माहीत हव्यात.

मक्याची टॉर्टिया निर्धास्त खा (तव्याचं पुढे सांगते). त्यात मका, पाणी आणि चुना एवढंच असतं. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून भिजत ठेवतात, सालं निघून जातात आणि मग ते वाटतात. त्या भाजलेल्या मक्याचा जो खमंग वास ट्रकभोवती असतो तो या चुन्यामुळे. गव्हाची टॉर्टिया मात्र विचारून घ्या, तिच्यात डुकराची चरबी असू शकते. चरबीला ‘मांतेका’ म्हणतात, आणि शाकाहारी माणसाने लक्षात ठेवायचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच.

फ्रिहोलेस, म्हणजे राजम्याच्या जातीचे दाणे, घोटून परतलेले असतील तर त्यांतही मांतेका असू शकते. तांबूस भातात पुष्कळदा कोंबडीचं पाणी घातलेलं असतं. म्हणजे ‘बीन अँड राइस बुरिटो’ हा जो शाकाहारी लोकांचा ठरलेला आसरा, तोच सगळ्यात फसवा. “लोस फ्रिहोलेस तिएनेन मांतेका?” असं विचारा. हो म्हणाले तर अख्खे दाणे, ‘दे ला ओया’, आहेत का बघा. त्यांत चरबी असण्याची शक्यता कमी असते, तरी विचारून घ्या.

दुसरं, नुसतं “सिन कार्ने” म्हणून भागत नाही. ट्रकवाला प्रामाणिकपणे विचारेल, “पोयो?” कारण कार्ने म्हणजे त्याच्या डोक्यात बीफ. “सिन कार्ने, सिन पोयो, सोलो वेर्दुरास” असं पुरतं सांगा.

मागवायचं काय? मक्याच्या टॉर्टियाची केसाडिया, आणि तिच्यात जे मिळेल ते: राहास म्हणजे भाजलेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, चांपिन्योनेस म्हणजे मशरूम, पापा म्हणजे बटाटा. बोर्डावर ‘फ्लोर दे कालाबासा’ दिसलं तर सोडू नका, ती भोपळ्याची फुलं. ‘विट्लाकोचे’ ही मक्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी. दिसायला भयंकर, चवीला मातकट आणि मशरूमच्या जवळची. आणि नोपालेस, म्हणजे काटे काढून भाजलेली निवडुंगाची पानं. थोडी बुळबुळीत, आंबटसर. ज्यांना भेंडी आवडते त्यांना आवडतील, बाकीच्यांची खात्री नाही.

राहिला तवा. तवा एकच, उलथनं एकच, आणि टॉर्टियाही कधीकधी मांसाच्या चरबीतच गरम करतात. हे ज्याला अजिबात चालणार नाही त्याने ट्रक उघडल्या उघडल्या जावं, तवा स्वच्छ असताना. टॉर्टिया वेगळी गरम करून द्या म्हटलं तर बहुतेक जण देतात. गर्दीच्या वेळी ही विनंती करू नये, ती ऐकली जाईलच असं नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी “सिन सेबोया” सांगावं, आणि साल्सांना हात लावू नये, कारण त्यांत कांदा-लसूण बहुधा असतोच.

मग रूप

ट्रकवरचा टाको लहान असतो, तळहाताएवढा, आणि पुष्कळदा दोन टॉर्टियांवर येतो. दुसरी टॉर्टिया उगाच नसते. वरची भिजून फाटते तेव्हा खालची सावरून घेते, आणि खाली सांडलेलं मांस तिच्यात गोळा करून आणखी अर्धा टाको होतो. भुकेल्या माणसाला तीन-चार पुरतात. पण पहिल्यांदा दोनच सांगा, वेगवेगळ्या मांसाचे. ते उभ्या उभ्या संपवा आणि जो आवडला तो परत जाऊन घ्या. एकदम सहा मागवले तर शेवटचे दोन गार आणि ओले होतात. टाको आला की खायचा, फोटो एखादाच.

मुलिता म्हणजे दोन मक्याच्या टॉर्टियांच्या मध्ये मांस आणि चीज. वांपिरो म्हणजे टॉर्टिया तव्यावर कडक होईपर्यंत भाजून वर चीज-मांस. लहान मुलं बरोबर असतील तर मुलिता घ्या, सांडत नाही. सोपे जाडसर आणि कडेने दुमडलेली, वर दाणे, पोट भरणारी. तोर्ता म्हणजे पावातलं. अलांब्रे मिळत असेल तर ते चौघांत मिळून घेण्यासारखं आहे: मांस, सिमला मिरची, कांदा, चीज सगळं तव्यावर एकत्र परतलेलं, सोबत टॉर्टियांची चवड.

बुरिटोबद्दल माझं मत जरा कडक आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातला भात-दाणे-क्रेमा-अवाकाडो भरलेला बुरिटो हे स्वतःचं असं खाणं आहे, आणि ऑफिसात डेस्कवर बसून जेवायला त्याच्यासारखं सोयीचं काही नाही. पण ट्रॉम्पोवरून नुकतंच कापलेलं पास्तोर भातात पुरून टाकणं मला बघवत नाही.

खिडकीपाशी

ट्रकला बहुधा दोन खिडक्या असतात. एकीपाशी सांगायचं, दुसरीपाशी घ्यायचं. रांगेत उभं असतानाच ठरवून ठेवा, खिडकीपाशी जाऊन बोर्ड वाचायला लागलात की मागचे सुस्कारे टाकतात. इंग्रजीत सांगितलं तरी चालतं, पण चार शब्द स्पॅनिश बोललात तर समोरचा माणूस खुलतो. “बुएनास. उनो दे पास्तोर, उनो दे लेंग्वा, कोन तोदो.” म्हणजे नमस्कार, एक पास्तोर, एक लेंग्वा. एवढं पुरे. कोन तोदो म्हणजे सगळं घालून, आणि टाकोच्या बाबतीत सगळं म्हणजे बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, कुठे वरून साल्सा. तिखट नको असेल तर “सिन साल्सा” म्हणा, मग आपल्या हाताने घ्या. ‘पारा आकी’ म्हणजे इथेच, ‘पारा येवार’ म्हणजे घरी न्यायला.

खिशात रोख ठेवा. पुष्कळ ट्रक कार्ड घेत नाहीत, घेतलं तर वर काही सेंट लावतात. टाको साधारण ३ ते ४ डॉलरला पडतो, हाताने थापलेल्या टॉर्टियाचा थोडा जास्त. बरणीत डॉलर-दोन डॉलर टिप टाकायची रीत आहे.

साल्सा

बाजूच्या टेबलावर किंवा खिडकीच्या फळीवर साल्सांच्या बाटल्या, लिंबाच्या फोडी, मुळ्याच्या चकत्या, काकडी, व्हिनेगरमध्ये मुरवलेली गाजरं आणि हालापेन्यो मिरच्या असतात. हे सगळं फुकट. कुठे भाजलेल्या अख्ख्या मिरच्या आणि कांद्याच्या पातीही मिळतात, मागून घ्या.

हिरवी साल्सा तोमातियोची असते. आपल्याकडे रानात मिळणाऱ्या चिरबोटीच्या कुळातलं हे फळ, तसंच कागदी आवरणात, फक्त मोठं आणि आंबट. डुकराच्या मांसावर हीच घाला, तुपटपणा कापते. लाल साल्सा बहुधा वाळक्या आर्बोल मिरचीची, असादावर चांगली. तिसरी एक फिकट हिरवी, मलईदार दिसणारी असते. बघून वाटतं अवाकाडो आहे. कधी असतो, कधी नुसती मिरची आणि तेल घुसळलेलं असतं, आणि ती निष्पाप चेहऱ्याची बाटली डोळ्यांत पाणी आणते. नारिंगी रंगाची असेल तर ती हाबानेरोची असू शकते. हालापेन्यो तिखटपणाच्या स्कोव्हिल मापावर २,५०० ते ८,००० भरतो, आर्बोल १५,००० ते ३०,०००, आणि हाबानेरो लाखाच्या वर सुरू होतो. “आम्ही कोल्हापूरचे” हा बाणा इथे दोन मिनिटं बाजूला ठेवा. टॉर्टियाच्या कडेवर एक थेंब, एक घास, मग ठरवा. मिरची मुळात त्यांच्याच मुलखातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी गोव्यात आली, तेव्हा तिखटाच्या बाबतीत ते आपल्याला सीनियर आहेत.

लिंबू मात्र सगळ्यांवर पिळा. टाको दोन बोटांनी आणि अंगठ्याने चिमटून धरायचा, मान कलती करायची, टाको नाही. टाको वाकवला की सगळं मागून गळतं.

प्यायला

तिखटावर ओर्चाता घ्या. तांदूळ आणि दालचिनीचं गोड, गार पेय, कुठे दूध घालतात कुठे नाही. हामायका लाल अंबाडीच्या बोंडांचं, आंबट-गोड, चरबीदार मांसाबरोबर उत्तम. तामारिंदो म्हणजे चिंचेचं सरबत. मोठ्या काचेच्या बरणीतून ओगराळ्याने देत असतील तर घ्या. मशीनमधून येत असेल तर त्यापेक्षा हारितोस या मेक्सिकन सोड्याची थंड बाटली बरी, त्यातही ग्रेपफ्रूटची, तोरोंहा.

घरी न्यायचं असेल तर

बनवलेले टाको पंधरा-वीस मिनिटं डब्यात राहिले की टॉर्टियाचा लगदा होतो. त्यामुळे घरी चार माणसांसाठी न्यायचं असेल तर टाको मागूच नका. काही ट्रक मांस वजनावर देतात. “पोर लिब्रा” विचारा, पौंडाच्या हिशेबाने. टॉर्टियांची चवड फॉइलमध्ये वेगळी, कांदा-कोथिंबीर वेगळी, साल्सा छोट्या डब्यांत वेगळी मागून घ्या. घरी लोखंडी तवा कडकडीत तापवा, टॉर्टिया पाण्याच्या हाताने किंचित ओली करून दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट टाका, त्याच तव्यावर मांस तेल न घालता परता. पास्तोर आणि कार्नितासला त्यांची चरबी पुरते. असादा असेल तर आच मोठी ठेवा आणि मिनिटभरातच काढा, नाहीतर वातड होईल.